जवसाच्या फिल्ममधला आवाज

कानसेन हे नाव त्यांना कॅमेरावाल्यानं चिडवायला ठेवलं होतं, पण ते असं चिकटलं की खरं नाव सांगितलं तर लोक "कोण?" म्हणून विचारायचे. माणसांचे चेहरे त्यांच्या लक्षातच राहत नसत. एकदा सख्ख्या मेव्हण्याला त्यांनी "आपण कोण?" असं विचारलं होतं. तो बिचारा "अहो भावजी, मी!" एवढंच म्हणाला, तर यांनी लगेच त्याच्या खोकल्याची, नोकरीची, पोराबाळांची चौकशी सुरू केली. डोळे नुसते नावाला होते. माणूस त्यांच्या डोक्यात कानाच्या वाटेनं शिरायचा, आणि एकदा शिरला की बाहेर पडायचं नाव घेत नसे.

ते ज्या ऑफिसात नोकरीला होते, तिथं शेतीच्या फिल्म बनत. कांदा, मका, हळद, तीळ, भुईमूग, एकामागून एक पीक, आणि प्रत्येक पिकाबरोबर एक शेतकरी. तो शेतात उभा राहून आपलं पीक कसं काढतो ते सांगायचा, कॅमेरावाला ते टिपायचा आणि कानसेन कानाला हेडफोन लावून आवाज पकडायचे. साहेब छत्रीखाली उभे राहून सगळ्यांवर ओरडायचे. ऑफिस म्हणजे एवढीच तीन डोकी.

आता, शेतात वारा असतो. वाचायला हे वाक्य किती गरीब वाटतं! पण साउंडवाल्याला विचारा. माइकवर केसाळ टोपी घाला, गोधडी गुंडाळा, पाठ करून उभे राहा, तो मेला वारा शेतकऱ्याच्या शब्दाआधी टेपवर जाऊन बसायचा. आणि वारा नसला तर साहेब होते. त्यांना शेतकरी शेतकऱ्यासारखा वाटायला हवा असायचा. साहेबांच्या बुटाला कधी चिखल लागला नव्हता, पण शेतकरी कसा बोलतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. भरदार, संथ, छातीतून. प्रत्यक्षातला शेतकरी चिरक्या आवाजाचा निघाला, घाईघाईनं बोलला, मधेच हसला, की साहेबांचा चेहरा पडायचा.

पहिल्यांदा एका कांदेवाल्याचा आवाज वाऱ्यानं खाल्ला. भाड्यानं बोलावलेला नट ऐनवेळी आला नाही. तेव्हा साहेब कानसेनांना म्हणाले, "तूच बोल रे." कानसेन बोलले, आणि साहेबांना पाहिजे होता तो शेतकरी त्यांना घरातच सापडला. मग तीच रीत पडून गेली. आवाज घुमू नये म्हणून रेकॉर्डिंगच्या खोलीच्या भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेले होते. तिथं कानसेन गळ्याला टॉवेल गुंडाळून उभे राहायचे, शेतातल्या पावलांचा आवाज यावा म्हणून पायाखाली पसरट पेटीत वाळलेला पेंढा. एका कानात मूळ टेप. समोर पडद्यावर शेतकऱ्याचे ओठ हलायला लागले की त्यांच्यावर बरोबर आपला शब्द बसवायचा. चुकलं की पुन्हा. मूळ आवाज पन्नासदा ऐकावा लागे, श्वास कुठं घेतलाय तेसुद्धा पाठ व्हायचं. काम झालं की ती टेप पुसून पुढच्या शेताला जायची.

यात खोटं काही आहे असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. शब्द शेतकऱ्याचे, पीक शेतकऱ्याचं, चेहरा शेतकऱ्याचा. आवाज तेवढा आपला, तोही ऑफिसच्या सोयीसाठी.

घरी बायको मात्र वैतागायची. कानसेन दारातून "अगं, आलो गं" म्हणाले की ती स्वयंपाकघरातून विचारायची, "आज कोण आलंय? कांदेवाले की हळदवाले? तेवढ्या हिशोबानं ताट वाढते." नळवाल्याशी, शेजाऱ्याशी ते नकळत शेतकऱ्याच्या आवाजात बोलायचे. "एकदा माझ्या नवऱ्यालाही घेऊन या हो सोबत," ती म्हणायची. दोघं हसायची. मूलबाळ नव्हतं, त्यामुळं घरात हसायचं काम या दोघांनाच करावं लागे.

पुढं साहेब गेले, कॅमेरावाला मुलाकडं परदेशी गेला, कानसेन निवृत्त झाले. ऑफिसला जुन्या फिल्म कॉम्प्युटरवर चढवायच्या होत्या आणि ती यंत्रं चालवणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं, म्हणून त्यांना पुन्हा बोलावणं आलं. मागच्या खोलीत एक खुर्ची, एक पंखा, जुनं यंत्र आणि कपाटभर डबे. सकाळी जायचं, एकेक फिल्म लावायची.

पहिले काही दिवस मजेत गेले. नंतर त्यांना नकोसं व्हायला लागलं. पडद्यावर एकामागून एक माणूस यायचा. कुणी काळासावळा, कुणी दातपडका, कुणी नुकती मिसरूड फुटलेला. तो तोंड उघडायचा, आणि आतून कानसेन बाहेर यायचे. दिवसभर, सगळ्यांच्या तोंडून. त्यातले कितीतरी आता हयात नसतील, हे त्यांच्या मनात आलं आणि मग जाईना. त्यांनी आवाज कमी केला, मग बंदच केला. तेव्हा त्या शांततेखालून दुसरंच काहीतरी ऐकू यायला लागलं. तेच वाक्य, पण वेगळ्या गळ्यातून. कुणी घोगरं म्हणायचं, कुणी किनरं, कुणी मधेच खोकायचं. कानसेनांनी वायर तपासल्या, यंत्राचा प्लग काढला. पंखासुद्धा बंद केला. ते पन्नासदा ऐकलेले मूळ आवाज होते. टेपवरून पुसले होते, यांच्या कानातून कुणी पुसायचे?

"डॉक्टरला दाखवा," बायको म्हणाली.

"डॉक्टर कानात बघेल आणि मळ आहे म्हणेल."

"असेलही!"

अशातच एका दुपारी खोलीचं दार वाजलं. कानसेन डबा उघडत होते, त्यांनी मान वर न करता म्हटलं, "दार ढकला, नुसतं लोटलंय. या आत."

कुणी आत आलं नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं, "या ना, उघडंच आहे." तरी नाही. शेवटी ते स्वतःच उठले. बाहेर पंचविशीची एक मुलगी एक हात दाराच्या फळीवर टेकवून उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बरं वाटत नाही का?" त्यांनी विचारलं.

तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "काका, परत बोला."

मग स्वतःच ओशाळली, आत येऊन बसली, पाणी प्यायली. जवसाच्या फिल्ममधले शेतकरी तिचे वडील होते. फिल्म घेतली तेव्हा ती आईच्या पोटात होती. फिल्मची कॅसेट घरी पोचायच्या आधीच ट्रॅक्टर उलटून वडील गेले. आई तिला घेऊन शहरात मामाकडं आली. वडिलांचे म्हणून घरात चार फोटो होते आणि ही फिल्म. तिनं मोबाइलवर लावून दाखवली. एक सडपातळ, हसरा माणूस जवसाची फांदी कानाशी धरून हलवत होता, "बोंडं अशी खुळखुळ वाजली की समजायचं, जवस काढणीला आलं," आणि हे तो छातीतून, भरदार, संथपणे सांगत होता.

"तुमचा आवाज अगदी बाबांसारखा आहे," ती म्हणाली. "मगाशी दारात माझे पायच हलेनात. असं कसं असू शकतं काका?"

सांगायची वेळ हीच होती, हे कानसेनांनाही कळत होतं. पण मुलीचा चेहरा असा उजळला होता की त्यांच्यानं सांगवेना. "असतात एकेकाचे सारखे आवाज," ते पुटपुटले, तेही आवाज शक्य तितका बारीक करून.

ती आली होती ते आणखी काही मिळतंय का बघायला. फिल्म दहा मिनिटांची, पण शूटिंग दिवसभर झालं असणार ना? बाबा आणखी काय काय बोलले असतील. एखादी टेप असेलच. काकांनी बघावं, तिला घाई नव्हती. कानसेनांनी "बघतो" म्हटलं. आजवर नको असलेल्या माणसाला कटवायला ते "बघतो" म्हणत आले होते, पण या मुलीनं तो शब्द खरा धरला आणि आपला नंबर देऊन गेली.

बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, मग सांगायचं ना तिला!"

"काय सांगू? तुझा बाप म्हणून तू जो ऐकतेस तो मी आहे?"

"हेच."

"तिच्याकडं दुसरं काय आहे गं?"

बायको ताट वाढायला उठली. कुणाच्या हिशोबानं वाढू, ते आज तिनं विचारलं नाही.

मुलीचे फोन यायला लागले. आधी टेपचं निमित्त होतं. मग निमित्त लागेनासं झालं. नवी नोकरी घेऊ का काका? मैत्रिणीशी वाजलंय, काय करू? कानसेनांना नोकरीतलं आणि मैत्रिणीतलं काय कळत होतं! पण ते बोलायचे, आणि पलीकडून श्वाससुद्धा ऐकू येत नसे, इतकी ती कान देऊन ऐकायची. "घे नोकरी. घाबरतेस कशाला? मी आहे ना," असं एका संध्याकाळी त्यांच्या तोंडून गेलं. मग ती "बरं," म्हणाली, लहान मुलीसारखी. कानसेनांना आयुष्यात कुणी असं "बरं" म्हटलं नव्हतं. त्यांना ते फार आवडलं होतं, आणि आवडलं याचीच भीती वाटत होती.

अशाच एका फोनवर ती सहज बोलून गेली, "आई मात्र फिल्म कधी बघत नाही. मी लावली की उठून गॅलरीत जाते. इतकी वर्षं झाली, तरी तिला सहन होत नाही."

कानसेनांना मात्र त्याचं दुसरं कारण दिसलं. नवऱ्याचा आवाज कुठली बायको ओळखणार नाही?

दुसऱ्या दिवशी त्यांनी जे केलं ते कुणाला सांगितलं नाही. रेकॉर्डिंगच्या खोलीत आता मोडक्या खुर्च्या ठेवलेल्या असायच्या. त्या बाजूला सारून त्यांनी गळ्याला टॉवेल गुंडाळला, माइक लावला आणि बोलायला सुरुवात केली. पेरणी, निंदणी, जवसाची निळी फुलं सकाळीच कशी फुलतात, दुपारपर्यंत कशी गळून जातात. मुलीला हवं होतं ते. तिच्यासाठी वडिलांची टेप. छान जमत होतं. मग पुढचं वाक्य आलं, "आता घरात बाळ येणार आहे," आणि ते म्हणताना त्यांच्या एका कानात, हेडफोन नसताना, तेच वाक्य दुसऱ्या कुणीतरी म्हटलं. बारीक, किनऱ्या आवाजात. पहिल्या शब्दाशी अडखळून, मग एकदम घाईत, आणि शेवटी हसून. जवसवाल्याचा तो खरा आवाज होता. साहेबांनी त्याला ऐकताच हात झटकले होते, "हा माणूस पडद्यावर पीक घेतोय असं कुणाला वाटेल का रे?"

कानसेनांनी केलेलं सगळं पुसून टाकलं आणि खोलीला कुलूप लावून बाहेर आले. किल्ली खिशात होती, पण अंड्यांच्या ट्रेमागून तो माणूस आत बोलतोच आहे असं त्यांना पायऱ्या उतरेपर्यंत वाटत होतं.

आठवड्याभरानं मुलगी आईला घेऊन आली. तिनं फार आग्रह करून आणलं असावं. "आई, तू फक्त ऐक," ती सांगत होती, "डोळे मिटून ऐक." आई पन्नाशीची, नीटनेटकी, पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेली.

कानसेनांना बोलणं भाग होतं. "नमस्कार," ते म्हणाले. "यायला त्रास नाही ना झाला?"

मुलगी आईच्या तोंडाकडं बघत राहिली. आई दचकली नाही की रडली नाही. जागा अडवून बसलेल्या भाडेकरूकडं बघावं तसं तिनं कानसेनांकडं बघितलं. मग मुलीला म्हणाली, "खाली चहावाला दिसला. जा, तिघांना घेऊन ये."

मुलगी गेली. दार लोटलं गेलं.

"तुम्हीच ना?" आईनं विचारलं.

"हो," कानसेन म्हणाले. "मी तिला सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. तोंडच उघडेना."

"माझंही कुठं उघडलं?" ती म्हणाली. "कॅसेट लावली तेव्हा मला वाटलं, टीव्ही बिघडला. मग रागानं कॅसेट फेकणार होते. तेवढ्यात ही पोर रांगत गेली, काचेवर हात ठेवला. पुढं दोन वर्षांची झाल्यावर म्हणायला लागली, बाबा बोलले. रोज लावायला लावायची. आता तुम्हीच सांगा भाऊ, मी काय करायचं होतं? तुझे बाबा असे बोलत नव्हते म्हणून सांगायचं? आणि मग कसे बोलत होते, असं विचारलं असतं तर? मला काय त्यांच्यासारखं बोलता येतं?"

कानसेनांनी समोरचा फिल्मचा डबा उघडला आणि परत बंद केला.

"तिचं काही नाही. तिला बाप मिळाला," आई म्हणाली. "माझाच नवरा गेला. मी गॅलरीत जाते, दार लावून घेते, तरी तुमचा आवाज येतोच. इतकी वर्षं येतोय. आधी मला दोन्ही आवाज आठवायचे. आता हे डोळ्यांसमोर आले, काही बोलायला लागले, की तुम्ही बोलता. स्वप्नातसुद्धा तुम्हीच. माझ्या नवऱ्याच्या तोंडात बसलाय तुम्ही. मला ती टेप द्या. तिला नका देऊ, मला द्या. एक शब्द असला तरी चालेल."

"टेप नाही हो," कानसेन म्हणाले. "पुसली. तेव्हाच. सगळ्याच पुसायचो आम्ही."

तिनं मान हलवली. जणू हे तिला येतानाच माहीत होतं. मांडीवरची पर्स उचलून ती उठायला लागली, आणि तिचं ते उठणं बघून कानसेनांना राहवलं नाही.

"थांबा," ते म्हणाले. "टेप नाही. पण मी ऐकलंय त्यांना."

त्यांनी डोळे मिटले. खोलीत पंख्याचा आवाज होता, खाली रस्त्यावर कुणीतरी शटर ओढत होतं. त्याच्याही खाली ते गेले. ऊन, वारा, बोंडांची खुळखुळ, छत्रीखालून साहेबांचा आरडाओरडा. कॅमेरा बंद झाला होता, पण टेप फिरतच होती. जवसवाला बांधाकडं वळून कुणालातरी काहीतरी सांगत होता. फिल्ममध्ये ते घ्यायचा प्रश्नच नव्हता. त्याचा आवाज उसना घ्यायला कानसेनांनी कधी तोंड उघडलं नव्हतं, त्यावर आपला चढवायलाच उघडलं होतं. आता त्यांनी छाती सोडून दिली, गळा आवळून घेतला. पहिला शब्द अडला. त्यांनी त्याला अडू दिलं.

"अ... अगं, उन्हात किती वेळ उभी राहशील? जा ना घरी, मी येतोच." आणि शेवटी ते हसू, नाकातून निसटलेलं.

आई अर्धवट उठलेली तशीच राहिली. तिचा चेहरा एकदम तरुण झाला, लाजल्यासारखा झाला.

"जाते हो," ती म्हणाली. "तुम्ही लवकर या."

कानसेनांनी डोळे उघडले तेव्हा दारात मुलगी उभी होती, हातात चहाचे तीन कप. कप एकमेकांवर वाजत होते.

"आई, आत्ता कोण बोललं?"

आईनं पदरानं डोळे पुसले. तिनं मुलीकडं बघितलं, कानसेनांकडं बघितलं, आणि आता लपवण्यात काही राम नाही असं तिनं ठरवलेलं दिसलं.

"तुझे बाबा," ती म्हणाली.

मुलगी हसायला गेली, पण तिला हसू आलं नाही. "काहीतरीच काय! बाबांचा आवाज असा नाहीये." ती कानसेनांकडं वळली. तिचे डोळे भरून आले होते. "काका, तुम्ही सांगा ना तिला. बाबांचा आवाज असा नव्हता."

दोघी त्यांच्याकडं बघत थांबल्या. काहीतरी बोलायला तर हवंच होतं, आणि कुठल्या आवाजात बोलायचं ते कानसेनांना कळेना.